चांदबिबी

चांदबिबी ऊर्फ चांद सुलताना (जन्म : इ.स. १५५० च्या सुमारास, मृत्यू : इ.स. १६००) ही अहमदनगरच्या निजामशाही घराण्यातील राजकन्या व विजापूरचा सुलतान अली आदिलशाह (पहिला) याची पत्नी होती. दोन्ही दरबारांत तिने अल्पवयीन राजांची पालक म्हणून कारभार पाहिला. इ.स. १५९५-९६ मध्ये मुघल फौजांविरुद्ध तिने अहमदनगरचा किल्ला लढवला. तिच्या मृत्यूचे वर्ष काही ग्रंथांत १५९९ असे दिले जाते.

सोलापूरचा किल्ला आणि विवाह

चांदबिबी ही हुसेन निजामशाह (पहिला) व खुंझा हुमायून यांची कन्या. तिच्या विवाहाची कथा सोलापूरच्या किल्ल्यापासून सुरू होते. हा बहमनी काळातील भुईकोट विजापूर व अहमदनगर यांच्या सरहद्दीवर असल्याने दोन्ही राज्यांना तो हवा होता. इ.स. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशाहाशी झाला, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. ते वचन पाळले गेले नाही आणि पुढील कित्येक लढायांना तेच कारण पुरले. अखेर विजयनगरच्या मदतीने बुऱ्हाणने सोलापूर जिंकून घेतले.

पुढे विजयनगरच्याच वाढत्या सामर्थ्याविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एकत्र यावे लागले, तेव्हा हा जुना तंटा मिटवणे भाग पडले. चांदबिबीचा विवाह अली आदिलशाहाशी, तर अलीची बहीण हदिया सुलताना हिचा विवाह चांदबिबीचा भाऊ मुर्तझा याच्याशी ठरला. चांदबिबीबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. या सोयरिकीनंतर थोड्याच काळात, जानेवारी १५६५ मध्ये, राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला. एका मुलीच्या लग्नाने दख्खनचा नकाशा बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु ती सोयरीक नसती तर ही आघाडी उभी राहणे कठीण होते. सोलापूरचा प्रश्न मात्र त्याने कायमचा सुटला नाही. पुढे मलिक अंबरनेही या किल्ल्यासाठी विजापूरशी झुंज घेतली.

विजापूर

चांदबिबीला फार्सी, अरबी व तुर्कीखेरीज मराठी आणि कन्नड या भाषाही येत असत, असे सांगितले जाते. विजापुरातील चांद बावडी ही मोठी विहीर अली आदिलशाहाने तिच्या नावाने बांधली. इ.स. १५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याला पुत्र नसल्याने नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम (दुसरा) गादीवर आला आणि चांदबिबी त्याची पालक झाली. कामिलखानाने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिने हाजी किश्वरखानाच्या साहाय्याने त्याला दूर केले. नंतर याच किश्वरखानाने तिला सातारच्या किल्ल्यात कैदेत टाकले. हबशी सरदारांनी त्याच्याविरुद्ध उठाव केल्यावर तिची सुटका झाली. काही काळाने सत्तेची सूत्रे दिलावरखानाकडे गेली आणि चांदबिबी माहेरच्या राजकारणाकडे वळली.

अहमदनगरचा वेढा

माहेरची स्थिती याहून वाईट होती. इ.स. १५८८ मध्ये मुर्तझा निजामशाहाला त्याच्याच मुलाने ठार केले, आणि पुढच्याच वर्षी तो मुलगाही मारला गेला. इ.स. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशाह विजापूरच्या सैन्याशी लढताना पडल्यावर दख्खनी सरदार मिया मंजू याने राजघराण्याशी संबंध नसलेल्या एका मुलाला गादीवर बसवले. हबशी सरदारांनी विरोध करताच त्याने गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला मदतीस बोलावले. त्याला लवकरच पश्चात्ताप झाला, पण तोवर मुघल फौज निघाली होती. या वेळी चांदबिबीने किल्ल्याचा ताबा घेतला आणि इब्राहीमचा तान्हा मुलगा बहादूर याच्या नावाने द्वाही फिरवली.

डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. मुराद व खानखानान अब्दुर्रहीम यांचे आपसांत पटत नव्हते, आणि याचा लाभ किल्ल्याला मिळाला. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले होते. त्यांची बातमी मुघल छावणीतीलच ख्वाजा मुहम्मदखान शिराझी याने आत पोचवली. त्यातील दोन निकामी करण्यात आले. तिसऱ्याचे काम चालू असतानाच, फेब्रुवारी १५९६ मध्ये, तो उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. कित्येक सरदार पळण्याच्या बेतात असताना चांदबिबी चिलखत घालून, चेहऱ्यावर बुरखा आणि हाती तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली. दिवसभराचे हल्ले परतवले गेले आणि रात्रीतून तट पुन्हा बांधून काढण्यात आला. विजापूरचा सेनापती सुहेलखान मदतीस येत असल्याचे कळल्यावर मार्चमध्ये तह झाला. वऱ्हाड मुघलांना मिळाले, अहमदनगर वाचले.

मृत्यू

तह टिकला नाही. मुघलांनी वऱ्हाडाबाहेरील पाथरीवर हक्क सांगितला. इ.स. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ दख्खनी सैन्याचा पराभव झाला. किल्ल्यातही चांदबिबी व अभंगखान यांच्यात वितुष्ट आले होते. शाहजादा दानियालच्या फौजेने पुन्हा वेढा दिला, तेव्हा बाहेरून कुमक येण्याची आशा उरली नव्हती. बालराजाला घेऊन जुन्नरला जाऊ देण्याच्या अटीवर किल्ला सोडावा, असे तिचे मत झाले. ती मुघलांना फितूर झाल्याची हूल किल्ल्यात उठली आणि चिडलेल्या जमावाने तिला ठार केले. मारेकऱ्यांचा म्होरक्या म्हणून हमीदखान व जीताखान अशी दोन नावे येतात. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. ज्या सुटकेची बोलणी तिने चालवली होती, तीच त्याला वाचवू शकली असती.

साहित्य आणि लोकस्मृती

चांदबिबीचे चरित्र मुख्यतः फरिश्ता या फार्सी इतिहासकारामुळे ज्ञात आहे. तो तिचा समकालीन होता आणि निजामशाही व आदिलशाही या दोन्ही दरबारांत वावरलेला होता. तिच्या आईच्या वाट्याला मात्र वेगळे भाग्य आले. आफताबी या कवीच्या तारीफ-इ-हुसेनशाही या सचित्र काव्यात खुंझा हुमायूनची स्तुती आहे. पतीनंतर काही वर्षे राज्य चालवणाऱ्या या राणीला मुलाने कैद केल्यावर त्यातील बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकण्यात आली. हे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

सोलापूरजवळच्या नळदुर्ग येथे अधिकारी राहिलेला फिलिप मेडोज टेलर याने चांदबिबीवर ‘अ नोबल क्वीन’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, इ.स. १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ चांदबिबीची समकालीन असल्याने ब्रिटिश वाचकाला ही तुलना सहज सुचणारी होती. अठराव्या शतकातील दख्खनी चित्रांत ती घोड्यावर बसून ससाण्यासह शिकारीला निघालेली दिसते.

दंतकथांचा भर वेढ्यावर आणि मृत्यूवर आहे. तोफगोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी दागिने तोफेत भरले, असे सांगतात. तिने तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली, अशीही कथा आहे. ती राणीला फितुरीच्या आरोपातून सोडवते आणि तिच्याच माणसांना खुनाच्या आरोपातून. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जवळच्या डोंगरावरील अष्टकोनी इमारत चांदबिबी महाल म्हणून ओळखली जाते, परंतु ती प्रत्यक्षात मुर्तझा निजामशाहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे.