नगरपालिकेतले जोतीराव

महात्मा फुले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुण्याचा भिडेवाडा येतो, १८४८ सालची मुलींची शाळा येते, शाळेकडे निघालेल्या सावित्रीबाई येतात. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला एवढेच फुले भेटतात आणि तिथेच राहतात. फार तर 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांची नावे आठवतात, आणि १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज. पण याच जोतीरावांनी १८७६ ते १८८२ अशी सुमारे सहा वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून काढली, हे किती जणांच्या लक्षात असते? चरित्रांत या काळाला चार-दोन पाने मिळतात. मला स्वतःला ती पाने फार मोलाची वाटतात, म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराण्याचा धंदा फुलांचा आणि भाजीपाल्याचा, आडनावही त्यावरूनच पडलेले. शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. शाळा काढल्यामुळे वडिलांनी घराबाहेर काढले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारत नाही. घराबाहेर पडलेल्या, शाळांवर पदरचे पैसे घालणाऱ्या या माणसाचे पोट कशावर चालत होते? उत्तर असे की जोतीराव चांगले व्यावसायिक होते. ओतकामाची साधने विकण्याची एजन्सी त्यांनी घेतली, बांधकामाची कंत्राटे घेतली, खडकवासल्याच्या धरणाच्या कामातही त्यांचा वाटा होता. पुण्याजवळ मांजरीला त्यांची साठ एकर शेती होती. १८८२ सालच्या एका निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कंत्राटदार अशी करून दिली आहे. समाजसुधारक हा शब्द त्यात नाही! (सभासदत्व आणि नगरपालिकेचे कंत्राट एकाच वेळी सांभाळणे आजच्या कायद्याने चालले नसते, हेही नमूद करायला हवे.)

ही ओळख महत्त्वाची आहे. चुना, दगड, मजुरी यांचा भाव ज्याला माहीत, त्याला बांधकामाच्या हिशेबात कोण कसा फसवू शकणार? 'गुलामगिरी'च्या शेवटी इंजिनियर खात्यातल्या लबाडीवर त्यांनी एक पवाडाही जोडला आहे. असा माणूस नगरपालिकेच्या सभेत बसला की सभेत अडचणीचे प्रश्न येणार, हे ठरलेलेच.

त्या काळची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती. पुण्यात नगरपालिका १८५७-५८ च्या सुमारास सुरू झाली, पण तिचे सभासद लोक निवडून देत नसत. सरकार नेमणूक करी. कारभारावर कलेक्टरची आणि इंग्रज अधिकाऱ्यांची छाया होती. बाकी बहुतेक सभासद म्हणजे पेठांमधले सावकार, व्यापारी, वकील, पेन्शनर, इनामदार अशी वजनदार मंडळी. सरकारनेच खुर्ची दिली असताना सरकारी प्रस्तावाच्या विरोधात बोलायचे कसे, हा संकोच तिथल्या हवेतच असे. जोतीरावांचीही नेमणूक सरकारनेच केली होती. गंज पेठेत राहणारा हा माळी समाजातला माणूस तिथे जाऊन बसला तेव्हा त्याच्या मागे मतदार नव्हते, पक्ष नव्हता. पेठेतली गाऱ्हाणी मात्र होती.

पाण्याचेच घ्या. पेशवाईत कात्रजहून नळाने पाणी आणून ते पेठांतल्या हौदांत सोडण्याची व्यवस्था झाली होती. हौद सार्वजनिक म्हणायचे, पण अस्पृश्य मानलेल्यांना त्यात घागर बुडवण्याची सोय नव्हती. तळपत्या उन्हात हौदापासून लांब उभे राहायचे आणि कोणी दयाळू भेटला तर ओंजळीत वाढून घ्यायचे. नगरपालिकेत जाण्याच्या आठ वर्षे आधी, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्या सर्वांना मोकळा केला. सार्वजनिक हौद खुला करणे त्यांच्या हातात नव्हते, घरचा होता. जातभाईंनी काय म्हटले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

सभासद झाले आणि लगेच १८७६-७७ चा दुष्काळ आला. जोतीराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले. हे काम नगरपालिकेच्या बाहेरचे होते, पण ज्याने ती भुकेली मुले पाहिली त्याला सभेत समारंभाच्या खर्चाचे विषय ऐकताना काय वाटत असेल, हे पुढच्या दोन प्रसंगांवरून कळते.

पहिला प्रसंग दारूच्या दुकानांचा. १८७८ साली मुंबई इलाख्याचा नवा अबकारी कायदा झाला. परवाने देण्याची आणि मक्ते लावण्याची सूत्रे सरकारच्या हातात होती आणि उत्पन्नही सरकारच्या तिजोरीत जाई. दुकान मात्र उघडे कुणाच्या तरी दाराशी. पुण्याच्या भरवस्तीत अशी दुकाने थाटली जाऊ लागली तेव्हा जोतीरावांनी १८ जुलै १८८० रोजी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहून तक्रार केली. दुकानांमुळे वस्तीतली घरे कशी उद्ध्वस्त होत आहेत, हे त्यांनी त्यात मांडले. 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचे वृत्तपत्रही या प्रश्नावर त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आता यात गंमत अशी की दारूचे परवाने हा नगरपालिकेच्या अखत्यारीतला विषयच नव्हता. हे जोतीरावांना कळत नव्हते असे थोडेच! पण परवाना कलेक्टर कचेरीचा, रस्ता नगरपालिकेचा आणि रात्री मार खाणारी बाई कुणाचीच नाही, असे चालू द्यायचे नव्हते. शहराच्या आरोग्याची जबाबदारी जिच्याकडे, त्या संस्थेला याची दखल घ्यावी लागेल, असा त्यांचा आग्रह होता. हे वाचताना आपल्यालाही ओळखीचे वाटेल. आपण नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्राबाहेर येऊन इथे घरे केली. गटाराची तक्रार घेऊन गेले की हा विषय आमच्याकडे नाही, शेजारच्या खात्याकडे जा, असे उत्तर कुणी ऐकले नाही? त्यावर आपण बहुधा मुकाट्याने घरी येतो, आणि हे शहर त्यांचे, आपण काय बाहेरचे, अशी मनाची समजूत घालतो.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीचा. व्हाइसरॉयांच्या पुणे भेटीनिमित्त स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. बत्तीस सभासद होते. एकतीस जणांना त्यात वावगे काही दिसले नाही. जोतीरावांनी एकट्याने विरोधी मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी त्यांची भूमिका होती. सरकारनेच नेमलेला सभासद, आणि देशाच्या सर्वोच्च सरकारी अधिकाऱ्याच्या सत्काराला विरोध करणारा! प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पण त्या दिवशी पुण्याच्या करदात्याचा हजार रुपयांचा हिशेब निदान एकाने तरी विचारला.

मंडईच्या बाबतीतही हेच झाले. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या मैदानात भरत असे. ऊन, पाऊस, चिखल सारे होते, पण बसायला जागा उघडी होती. शुक्रवार पेठेत मोठी दगडी मंडई बांधण्याची योजना नगरपालिकेपुढे आली तेव्हा जोतीरावांनी तिला विरोध केला. हरी रावजी चिपळूणकर हे त्यांचे सहकारी सभासदही त्यांच्या बाजूने होते. एवढी मोठी रक्कम इमारतीत घालण्यापेक्षा ती गरिबांच्या शिक्षणावर खर्चावी, हाच मुद्दा. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या बाबतीत जोतीरावांचे सगळेच बरोबर होते असे म्हणवत नाही. छपराखालचा, धुता येण्याजोगा बाजार ही शहराची खरी गरज होती आणि ती इमारत आजही पुणेकरांच्या उपयोगी पडते आहे. पण विरोध करणारा माणूस भाजीवाल्यांच्या घरात जन्मलेला आणि स्वतः शेती करणारा होता, हेही विसरता येत नाही. पक्क्या मंडईत बसायचे म्हणजे गाळ्याचे भाडे आले, आणि ते टोपलीतल्या मेथीच्या जुडीवरच निघणार, हे त्याला कुणी शिकवायला नको होते.

मंडई झाली. आठ दिशांना पंख असलेली, मध्ये अष्टकोनी मनोरा असलेली ती देखणी इमारत १८८६ साली खुली झाली. तिला तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीला जोतीरावांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव! त्याच नगरपालिकेत १९२० च्या दशकात केशवराव जेधे यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा आग्रह धरला तेव्हा केवढे वादळ उठले होते, हे लक्षात घेतले तर अत्र्यांनी जे साधले त्याचे मोल कळते.

१८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. पुढे १८८४ च्या कायद्याने नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांची वाट रुंद झाली. मत अर्थात सगळ्यांना नव्हते, कर भरणाऱ्या आणि मालमत्ता असलेल्या पुरुषांनाच होते. जोतीरावांची कारकीर्द नेमकी तोवर संपली होती. त्याच १८८२ सालच्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सभेत हजार रुपयांसाठी मांडलेला मुद्दा आता साऱ्या देशाच्या खर्चापुरता मोठा झाला होता.

११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. तरीही डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तक लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले.

आपल्या देहाचे दहन न करता घराच्या आवारातच मिठात पुरावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्यासाठी खड्डाही तयार होता. परंतु भरवस्तीत दफन करायचे तर नगरपालिकेची परवानगी हवी. ज्या नगरपालिकेत ते सहा वर्षे बसले, तिने ती नाकारली. नियम वस्तीच्या आरोग्याचा होता, आणि वस्तीच्या आरोग्यासाठी जोतीरावांनीही त्याच दारात अर्ज केले होते. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि देहाला अग्नी दिला. नंतर अस्थी घरी आणून आवारात ठेवल्या गेल्या. गंज पेठेचे नाव आता महात्मा फुले पेठ आहे, आणि फुलेवाड्याच्या अंगणात त्या अस्थींवरचे तुळशीवृंदावन आजही उभे आहे.