पन्नास पौंडांचा कॅमेरा आणि वाटाण्याची कुंडी

दसरा-दिवाळी जवळ आली की ताथवड्यातल्या आमच्या सोसायटीत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. पहिला कॅमेरा कोणता घ्यावा? विचारणाऱ्यांत आसपासच्या कॉलेजांतली मुलं असतात, आणि घरात नुकताच पाळणा हललेले हिंजवडीतले नोकरदार. गेली तीसेक वर्षं हौसेनं खांद्याला कॅमेरा अडकवून फिरतो, एवढीच माझी पात्रता. त्यांना मॉडेलचं नाव हवं असतं. मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सुरू करतो. काही जण घड्याळाकडे पाहून सटकतात. जे थांबतात, त्यांचे निदान दहा-वीस हजार वाचतात.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, कारण त्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी कुणाला तरी मिळतो. पण ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वीस-बावीस वर्षं हा माणूस साध्या स्थिर छायाचित्रांचा कॅमेरा हाताळत होता, हे फारसं कुणी सांगत नाही. मला त्यातच सगळं इंगित दिसतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणकार. मुलगा मात्र चित्रं काढू लागला, तेव्हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढं बडोद्याच्या कलाभवनात त्याची रवानगी झाली. १८९० च्या सुमारास त्यांनी पहिला कॅमेरा घेतला आणि काच धुण्यापासून कागदावर छापण्यापर्यंतची सगळी खटपट स्वतः करून पाहिली. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर हे पारखी गृहस्थ. त्यांनी या मुलाला तीनरंगी ठसे बनवण्याची विद्या शिकायला रतलामला पाठवलं, परतल्यावर संस्थेचा स्टुडिओ वापरायला दिला. मग गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा झाला. तिथं प्लेगनं गाठलं आणि १९०० साली पत्नी आणि मूल दोघंही गेली. बडोद्याला परत येऊन पुन्हा दुकान मांडलं, तर कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य सरतं, अशी लोकांची समजूत! गिऱ्हाईक फिरकेना. दादासाहेबांनी नाटकाचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले, फाळके हे नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं रंगमंचावर उभे राहिले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली, तीही १९०६ मध्ये सोडली.

यानंतरचा मुक्काम आमच्या बाजूचा, म्हणून जरा रेंगाळतो. चिंचवडहून लोकलमध्ये बसलं की तासाभरात लोणावळा येतं. त्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. कार्ल्याची लेणी पाहायला जाणारे तिथं उतरतात. याच मळवलीत राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना होता. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या त्या इथूनच. दादासाहेबांनी लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला आणि रविवर्मा प्रेसचं काम घेतलं. रंगीत चित्र दगडावर उतरवायचं, तर छाया कुठं संपते आणि उजेड कुठं सुरू होतो हे पाहण्याची सवय डोळ्याला लावावी लागते. कोणतंही महागडं भिंग ही नजर देत नाही. पुढं छापखाना दादरला गेला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला, यंत्रसामग्री आणायला दादासाहेब १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. दोनच वर्षांत भागीदाराशी बिनसलं आणि त्यांनी छापखान्यावर पाणी सोडलं. वयाची चाळिशी उलटलेली, पदरी मुलंबाळं.

अशा रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. मग रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहण्याचं वेडच लागलं. घरी आणलेल्या लहानशा यंत्रातून, मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडून पाहणंही चालू होतं. झोप नाही, डोळ्यांवर ताण. इतका की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्यानं ती परत आली. ज्याचा सगळा व्यवसाय डोळ्यांवर, त्यानं डोळेच पणाला लावले! सरस्वतीबाई या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. या महिन्यांत त्यांनी घर कसं चालवलं असेल, याचा विचार कुणी करत नाही.

आता खरेदीकडे येऊ. विलायतेला जाऊन यंत्रसामग्री आणायची ठरली. यशवंतराव नाडकर्णी या मित्राकडून दहा हजारांचं कर्ज काढलं, तारण म्हणून बारा हजारांच्या विमा पॉलिसी ठेवल्या. १ फेब्रुवारी १९१२ रोजी दादासाहेब बोटीत चढले. लंडनमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. ‘बायोस्कोप’ नावाचं साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत, त्याची पाटी पिकॅडिली भागात दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी या धंद्यात किती जण बुडाले तेच ऐकवलं. माणूस हटत नाही असं पाहून मग त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याची गाठ घालून दिली. हेपवर्थनी आपला वॉल्टनचा स्टुडिओ दाखवला. या जाणकारांच्या सल्ल्यानं दादासाहेबांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. किंमत पन्नास पौंड.

पौंडाला पंधरा रुपये हा त्या वेळचा भाव. म्हणजे साडेसातशे रुपये. कर्ज दहा हजारांचं आणि कॅमेरा साडेसातशेचा! हा हिशेब मी मुलांना कागदावर मांडून दाखवतो. पाथेसारख्या नामांकित कंपन्यांचे कॅमेरे बाजारात होते. दादासाहेबांनी मात्र दांडा हातानं फिरवायची साधी लाकडी पेटी घेतली आणि उरलेला पैसा कच्ची फिल्म, तिला भोकं पाडण्याचं यंत्र आणि पुढच्या कामासाठी राखला. आजही साठ हजारांची ऐपत असेल, तर सगळे कॅमेऱ्यात घालू नयेत. पस्तीस-चाळिसाचा, नाहीतर खात्रीच्या माणसाकडून वापरलेला घ्यावा. एक बऱ्यापैकी तिपाई, जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डं घ्यावीत आणि राहिलेल्या पैशांत भीमाशंकर करून यावं. हातातली पकड आणि बटणांची जागा दुकानात उभं राहून तपासावी. मेगापिक्सेलचे आकडे जाहिरात लिहिणाऱ्यांसाठी असतात.

मे १९१२ मध्ये खोकी दादरला पोचली. सोबतच्या नकाशावरून दादासाहेबांनी चार दिवसांत यंत्रं जोडली. सराव म्हणून घरच्यांचं आणि आजूबाजूच्या मुलांचं थोडंफार चित्रण झालं. पण चित्रपटात पैसा घालायला सावकार तयार होईना. कॅमेरा काय करू शकतो ते त्याला दाखवायचं कसं? दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवून ठेवला.

महिन्याहून अधिक काळ तो कॅमेरा तिथून हलला नाही. कोंब वर आला, पानं फुटली, वेल वर चढला. थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घ्यायचं, असा तो उद्योग. तयार झालेली फिल्म जेमतेम मिनिटाची, ‘अंकुराची वाढ’. मूकपटाचा तेव्हाचा वेग सेकंदाला साधारण सोळा चित्रं आणि एक फूट फिल्मवरही सोळाच चित्रं मावतात. म्हणजे मिनिटाला साठ फूट फिल्म आणि साडेनऊशेच्या वर चित्रं. महिन्याच्या दिवसांत वाटली तर रोजची तीस-बत्तीस. पण रोज, न चुकता. ना कुंडी हलवायची, ना तिपाई, ना घरातल्या पोरांनी धक्का द्यायचा. या मिनिटभराच्या फिल्मनं काम केलं. नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केलं. जगातला एकही नट नाही, देखावा नाही, फक्त एक वेल आणि नेमानं फिरवलेला दांडा.

म्हणून नवा कॅमेरा घेणाऱ्याला मी आधी कुंडी आणायला सांगतो. बरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स बदलण्याची घाई नको. झूम म्हणून काही दादासाहेबांच्या वेळी नव्हतंच. चित्र मोठं हवं तर कॅमेरा उचलून पुढं न्यायचा. लेन्स पंचावन्नवर ठेवून साधारण पाव मीटरवर जा, कोंब चांगला ठसठशीत दिसतो. महिनाभर एकाच खिडकीत, एकाच रोपाचे फोटो घ्या. सकाळचा तिरपा उजेड, दुपारचा पांढराफटक, पावसाळी ढगांतून गाळून येणारा मऊ, सगळे ओळखीचे होतात. या लेन्सचं अ‍ॅपर्चर अठरावर साडेतीनपर्यंत उघडतं आणि पंचावन्नवर पाच पूर्णांक सहापर्यंतच, म्हणजे उजेडात अडीच पटींचा फरक पडतो. हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही, संध्याकाळी कुंडीपुढं हात थरथरला की राहतं. माणसाचा चेहरा अठरावर जवळून घेतला तर नाक फुगतं. पंचावन्नवर, चार पावलं मागं सरून, मागची भिंत लांब ठेवून घेतला तर आजीसुद्धा खूश होते.

‘राजा हरिश्चंद्र’साठी दादरच्या बंगल्यात देखावे उभे राहिले. सहा महिने सत्तावीस दिवस काम चाललं. फिल्म भरली ३,७०० फूट. तिला आधी भोकं नव्हती, ती अंधारात बसून पाडावी लागत आणि हे काम सरस्वतीबाई करत. रसायनं कालवणंही त्यांच्याकडे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा आणि उन्हात पांढरी चादर ताणून उभं राहायचं. ही चादर म्हणजे आजचा रिफ्लेक्टर. त्या काळची फिल्म इतकी मंद की चित्रण सूर्याच्या मर्जीवर चाले. चेहऱ्याची अंधारी बाजू उजळायला चादरीसारखं स्वस्त साधन आजही नाही. मी घरच्या धुवट पंच्यावर भागवतो. कर्जाला दागिन्यांचीही भर पडली होती, तेव्हा या चित्रपटाचं श्रेय वाटताना निम्मी वाटणी माजघराकडे जायला हवी. नायिकेच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके नावाचा स्वयंपाकी तरुण तारामती झाला. मुलगा भालचंद्र झाला रोहिदास. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला.

मुंबईत आपल्याच सावेदादांनी, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, याआधी चौदा वर्षं विलायती कॅमेऱ्यानं कुस्तीचं चित्रण केलं होतं. तेव्हा कॅमेरा पहिल्यांदा हाती येण्याचा मान दादासाहेबांचा नाही. त्याच पेटीतून त्यांनी काय काढलं, ते वेगळं. देव अचानक प्रकटतो, ही करामत कॅमेरा थांबवून माणूस आत आणून पुन्हा दांडा फिरवण्याची. नाशिकला बिऱ्हाड हलवल्यावर केलेल्या ‘लंकादहन’मध्ये, १९१७ साली, राम आणि सीता दोन्ही कामं अण्णा साळुंक्यांची होती. मारुतीच्या उड्डाणानं लोक वेडे झाले. प्रोफेसर केळफाची हातचलाखी इथं कामी आली.

पुढचं थोडक्यात. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी खटके उडाले, दादासाहेब रुसून काशीला जाऊन बसले, तिथं ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, परत आले. बोलपटांनी मूकपटांचा जमाना संपवला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. शेवटची वर्षं ओढाताणीची होती. ज्यांनी त्यांच्यामागून बंगले बांधले त्या धंद्याला त्यांची आठवण फारशी उरली नव्हती.

वाटाण्याची फिल्म आज कुठंही नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची दोन रिळं उरली आहेत, आणि काही अभ्यासकांच्या मते तीही १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून तुकडे गोळा करून १९१९ चा ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा वाचवला. त्यात बाळकृष्णाचं काम दादासाहेबांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलंय. पाहायला मिळाला तर सुरुवात चुकवू नका. कथा सुरूच झालेली नसते. नुसता त्या पोरीचा चेहरा, आणि त्यावर एकामागून एक येणारे भाव: राग, लाड, हसू. कॅमेरा जागचा हलत नाही, आणि मागं पाहण्यासारखं काही नाही.