राजवाड्यांनी नाकारलेली चित्रे

अमृता शेरगिल यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील पंजाबचे सरदार उमरावसिंग, आई हंगेरीची. पॅरिसमध्ये चित्रकला शिकून १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. १९३६-३७ च्या दौऱ्यात त्यांनी अजिंठा पाहिला आणि त्यांच्या चित्रांना नवे वळण लागले. ‘ब्रह्मचारी’ हे गाजलेले चित्र त्यानंतरचे.

बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले, पण गिऱ्हाईक मिळेना. हैदराबादच्या नवाब सालारजंगांनी चित्रे परत केली. म्हैसूरच्या महाराजांनी राजा रविवर्मा यांची चित्रे पसंत केली. ५ डिसेंबर १९४१ रोजी, अवघ्या २८ व्या वर्षी, लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

१९५४ मध्ये दिल्लीतील जयपूर हाऊस या जयपूरच्या महाराजांच्या वाड्यात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. अमृताबाईंच्या चित्रांचा मोठा संग्रह आज तेथेच आहे. त्यांची कला राष्ट्रीय ठेवा ठरली आहे.

अजिंठा आपल्या बऱ्हाणपूरपासून फार लांब नाही. उत्सवातील चित्रकला स्पर्धेत ज्यांना बक्षीस मिळणार नाही, त्या मुलांनाही एकदा लेणी जरूर दाखवावीत.