लिंकचा निळा डबा

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठी दहावीपर्यंतच होतं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

माझ्या हॉस्टेल रूममधल्या टेबलावर प्लायवूडचं एक कॉकपिट आहे. रेक्टर मॅडमना तो प्रोजेक्ट वाटतो, रूममेटला पसारा. अर्दुइनोला चार स्विच, दोन पोटेन्शिओमीटर आणि एक एन्कोडर जोडलाय, लॅपटॉपवर एक्स-प्लेन आहे, आणि मध्ये दुभाष्या म्हणून प्लगिन. बोर्डने पाठवलेला आकडा वाचून तो सिम्युलेटरच्या योग्य 'डेटारेफ'मध्ये लिहायचा, आणि चाकं खाली लॉक झाली की माझा हिरवा एलईडी लावायचा, एवढंच त्याचं काम. सांगायला सोप्पं! हेडिंगचा नॉब एक खटका फिरवला की आकडा दोन अंश सरकायचा. तीन रात्री गेल्या. शेवटी कळलं, एका खटक्याला एन्कोडर चार बदल पाठवतो आणि मी दोन धरून मोजत होते.

त्याच जागरणात एड लिंकबद्दल वाचलं. आडनावच लिंक!

एडविन लिंक 1904 साली अमेरिकेत इंडियानात जन्मला. वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. 1920 मध्ये पोराने पन्नास डॉलर मोजून विमानाचा पहिला धडा घेतला. वैमानिकाने त्याला तासभर गोते खायला लावले, पण दांड्याला हात काही लावू दिला नाही. माझ्या मते पुढचं सगळं इथून सुरू होतं. शिकायचं तर हात लावायला मिळाला पाहिजे, आणि तोही न मरता.

कारखान्यात हाताशी होते ऑर्गनचे भाते, झडपा आणि हवा ओढणारा पंप. तळघरात दीड वर्ष खपून 1929 मध्ये त्याने छोट्या पंखांचा एक डबा उभा केला. दांडा डावीकडे ढकलला की झडप उघडायची, एका बाजूचा भाता आक्रसायचा, दुसरीकडचा फुगायचा आणि डबा डावीकडे कलायचा. म्हणजे इनपुट, मधला दुभाष्या, आउटपुट, सगळं हवेवर! कोड नाही, करंटही जेमतेम. हा डबा पुढे निळ्या रंगामुळे ओळखला गेला. पण सुरुवातीला वैमानिकी शिकवणारे हसले, आणि तो विकला गेला जत्रेतल्या खेळण्यासारखा, करमणुकीच्या बागांमध्ये.

मग 1934 उजाडलं. विमानाने टपाल नेण्याचं काम सरकारने खासगी कंपन्यांकडून काढून सैन्याकडे दिलं. ऐन हिवाळा, ढग, धुकं, आणि फक्त उपकरणं बघून उडायची सवय नसलेली पोरं. डझनभर वैमानिक गेले. ढगात बाहेरचं काही दिसत नाही आणि कानातला तोल खोटं सांगतो. विमान वळत असतं, तरी आपण सरळ चाललोय असं वाटतं. तिथे काट्यांवर विश्वास ठेवायला शिकावं लागतं, आणि डब्यावर झाकण लावलं की नेमकं तेच शिकता यायचं. सैन्याचे अधिकारी न्यूअर्कला लिंकची वाट बघत होते. धुकं असं की हा येणारच नाही असं त्यांनी धरलं होतं. तो उपकरणांवर उडत येऊन उतरला! सैन्याने सहा डबे घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांच्या घरात बनले.

कंपनी त्याने 1954 मध्ये विकली आणि गडी समुद्राकडे वळला, छोट्या पाणबुड्या बनवायला. हा भाग वाचताना मी थांबले होते. जून 1973 मध्ये फ्लोरिडाजवळ, त्याने आराखडा केलेली पाणबुडी एका बुडालेल्या युद्धनौकेच्या मोडतोडीत अडकली. आत चौघं होते. पुढच्या जाड प्लास्टिकच्या गोळ्यातले दोघं वाचले. मागचा कप्पा ॲल्युमिनियमचा, थंडी सरळ आत शिरली, आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन गारठून काम करेना. सुटका व्हायला दिवसाहून जास्त लागला. त्या कप्प्यातल्या दोघांपैकी एक लिंकचा मुलगा होता, क्लेटन. वय 31.

बाप तेव्हा सत्तरीला टेकलेला. तो पुन्हा कामाला बसला आणि वरून केबलने चालवायचं एक यंत्र बनवलं. त्याला कॅमेरा होता आणि अडकलेल्या पाणबुडीभोवतीच्या तारा कापायला कातर. खाली कोणाला न पाठवता, बोटीवर बसून चालवायचं. 1981 मध्ये तो गेला.