मॅन्युअल लिहिणाऱ्या हॉपरबाई

ग्रेस हॉपर हे नाव काढलं की आपल्या ब्रँचमधला कुणीही लगेच त्या पतंगाची गोष्ट सांगतो. हार्वर्डच्या मार्क टू मशीनच्या रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग खरोखरच सापडला आणि तो लॉगबुकात चिकटवलाही गेला. पण बग हा शब्द इंजिनिअर मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होती. मी हॉपरबाईंकडे वळलो ते वेगळ्याच कारणाने. आमच्या प्रोजेक्टमध्ये होस्टेलच्या मेससाठी जावामध्ये वेब एपीआय लिहायचं ठरलं आणि त्याचं डॉक्युमेंटेशन आपोआप तयार होईल अशी व्यवस्था करायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्युमेंटेशन म्हणजे उरलेल्या मेंबरला द्यायचं काम, असा आपल्याकडे समज आहे. हॉपरबाईंचं आयुष्य वाचल्यावर तो समज टिकत नाही.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी घरातली गजराची घड्याळं एकामागून एक उघडून बसणारी ही मुलगी. व्हासार कॉलेजातून १९२८ मध्ये पदवी आणि येलमधून १९३४ मध्ये गणितात डॉक्टरेट घेतली. नंतर व्हासारलाच प्राध्यापकी. सगळं सुरळीत चाललं होतं, पण महायुद्ध सुरू झालं आणि बाईंनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन कमी. तरी खास सवलत मिळवून १९४३ च्या डिसेंबरात त्या भरती झाल्याच. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ च्या जुलैत त्यांची नेमणूक हार्वर्डला, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली.

तिथे मार्क वन उभं होतं. लांबी ५१ फूट, वजन सुमारे ५ टन. कागदी पट्टीला भोकं पाडून सूचना द्यायच्या. एका ओळीत २४ भोकांची जागा, आठ-आठचे तीन गट. हे मशीन चालवायचं कसं, हे काही मोजक्या माणसांच्या डोक्यात होतं, बाकी कुठेही नाही. एकेनसाहेबांनी हुकूम सोडला की याचं पुस्तक तुम्ही लिहायचं. बाईंनी सांगून पाहिलं की मला पुस्तक लिहिता येत नाही. पण नौदलात हुकूम तो हुकूम! मग रोज लिहायचं आणि लिहिलेलं साहेबांना वाचून दाखवायचं असा क्रम सुरू झाला. १९४६ मध्ये ५६१ पानांचं मॅन्युअल छापून आलं. त्यात मशीनची रचना होती, सूचनांचे कोड होते आणि सोडवून दाखवलेली उदाहरणंही होती.

याच काळात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. तपासून पक्के झालेले कोडचे तुकडे सगळेजण वहीत उतरवून ठेवत आणि गरज पडेल तेव्हा एकमेकांच्या वहीतून नकलून घेत. नकलताना आकडा इकडचा तिकडे व्हायचाच. १९४९ मध्ये बाई फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत युनिव्हॅकवर काम करायला गेल्या. तिथे त्यांनी विचार केला की नक्कल हे कारकुनी काम आहे, ते मशीननेच करावं. त्यातून १९५२ पर्यंत ए-झिरो हा कंपायलर तयार झाला. टेपवरच्या सबरूटीन क्रमांकाने बोलवायच्या, जोडाजोड मशीन करणार. कॉम्प्युटर फक्त गणितं करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असंच तेव्हा लोक धरून चालले होते. बाईंना बराच काळ कुणी दाद दिली नाही.

आज आपण जावात जे करतो ते याच विचाराचं पुढचं पाऊल आहे. स्प्रिंग बूटच्या प्रोजेक्टमध्ये स्प्रिंगडॉकची डिपेंडन्सी टाकली की ती आपले कंट्रोलर वाचते, ओपनएपीआय पद्धतीची जेसन फाइल बनवते आणि स्वॅगरचं पान उघडून देते. नॉट-नल, मिन, मॅक्स असली व्हॅलिडेशनची ॲनोटेशन्सही ती आपणहून उचलते. कोणतं पॅकेज वाचायचं हे सेटिंगमध्ये सांगता येतं, मेस आणि ॲडमिन असे वेगळे ग्रुप पाडता येतात, आतले एंडपॉइंट हिडन लावून झाकता येतात. नकलायचं काम संपलं, आणि कोड बदलला की पानही बदलतं.

मग मॅन्युअल लिहिणारा माणूस लागतोच कशाला? याचंही उत्तर बाईंच्याच आयुष्यात आहे. नकलेचं काम मशीनला दिल्यावर त्या शब्दांच्या मागे लागल्या. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या एसीएमच्या समितीने १९५४ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या संज्ञांचा पहिला कोश काढला. मग त्यांनी फ्लो-मॅटिक ही इंग्रजी शब्दांत लिहायची भाषा घडवली. १९५९ मध्ये कोबोलची आखणी झाली तेव्हा तिच्यावर फ्लो-मॅटिकची मोठी छाप पडली. कोबोल समितीने बनवली, पण कोड वाचणाऱ्यालाही कळला पाहिजे हा हट्ट बाईंचा. कोबोलच्या प्रोग्रॅमचा पहिला भागच ओळखीचा: नाव, लेखक, लिहिल्याची तारीख, शेरा. म्हणजे माहितीपत्रक कोडच्या आतच.

आमच्या मेसच्या एपीआयमध्ये स्टेटस नावाचं एक फील्ड आहे. स्वॅगरच्या पानावर ते नुसतं इंटिजर म्हणून दिसतं. ० म्हणजे जेवला, १ म्हणजे खाडा, २ म्हणजे पाहुणा, हे मशीनला कुठून कळणार? खाडा आदल्या रात्रीपर्यंतच लावता येतो, हे तर मुळीच नाही. ते स्कीमा आणि ऑपरेशन या ॲनोटेशन्समध्ये आपल्यालाच शब्दांत लिहावं लागतं. कुठल्या चुकीला कुठला एरर कोड येतो तेही एपीआय-रिस्पॉन्समध्ये सांगावं लागतं. मेथडने नेमका क्लास न सांगता नुसतं ऑब्जेक्ट परत केलं, तर पानावरही नुसतं ऑब्जेक्टच उमटतं. आपण दिलं नाही ते मशीन बिचारं आणणार कुठून? शिवाय हे पान सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं नसेल, तर प्रॉडक्शनच्या सेटिंगमध्ये ते बंद करायला हवं. हे ठरवणाराही माणूसच.

बाई १९६६ मध्ये नौदलातून निवृत्त झाल्या. सहाच महिन्यांसाठी म्हणून १९६७ मध्ये परत बोलावलं आणि त्या १९८६ पर्यंत राहिल्या! निवृत्त झाल्या तेव्हा वय ७९, हुद्दा रिअर ॲडमिरल. भाषणाला जाताना सुमारे ३० सेंटिमीटरचे तारेचे तुकडे सोबत न्यायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढीच धावते, हे लोकांच्या हातात तार देऊन समजवायच्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

आपल्याकडे दरवर्षी फायनल इयरची बॅच जाते आणि प्रोजेक्टचं शहाणपणही तिच्याबरोबर ट्रंकेत भरून जातं. ज्युनिअरच्या हाती कोड येतो, त्यामागचं कारण येत नाही. मार्क वनचंही तसंच व्हायचं होतं. ते झालं नाही, कारण एका गणिताच्या प्राध्यापिकेने नको असलेलं काम मन लावून केलं. तेव्हा स्वॅगरचं पान जरूर आपोआप तयार होऊ द्या. पण ते तयार झालं की एकदा होस्टेलमधल्या दुसऱ्या ब्रँचच्या मित्राला वाचायला द्या. त्याला खाडा कसा लावायचा ते कळलं, तरच डॉक्युमेंटेशन झालं म्हणा.