ब्रह्मदेशांतील जडसनबाई व त्यांचीं मुलें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हीं नांवें ठाऊक आहेत. ता. ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं हे दोघे मुंबईस उतरले, आणि मराठी लोकांमध्यें अमेरिकन मिशनचें काम सुरू झालें. परंतु ज्या मंडळानें त्यांस धाडिलें त्यानें त्याच वर्षीं आणखीहि कांहीं तरुण माणसें धाडिलीं होतीं, व त्यांपैकीं एक बावीस वर्षांची नवी नवरी होती. तिचें माहेरचें नांव अ‍ॅन हॅसेल्टाइन. पुढें जगानें तिला जडसनबाई म्हणून ओळखिलें. ह्या बाईंचें चरित्र सांगणारे लेखक बहुधा तुरुंगाच्या दाराशीं थांबून त्यांच्या धैर्याची वाखाणणी करितात, आणि त्यांच्या हातीं त्या वेळीं एक तान्हें मूल होतें हें एका ओळींत आटोपतात. आम्हांस तर त्या मुलावांचून ही हकीकत अपुरी वाटते. म्हणून आज आम्ही ती मुलांच्या बाजूनें सांगणार आहों.

बाईंचा जन्म ता. २२ डिसेंबर १७८९ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ब्रॅडफर्ड गांवीं झाला. तेथें चांगलें शिक्षण घेऊन त्यांनीं कांहीं काळ शाळा शिकविली. ता. ५ फेब्रुवारी १८१२ रोजीं अ‍ॅडोनिराम जडसन ह्यांशीं त्यांचा विवाह झाला, आणि दोनच आठवड्यांनीं तीं दोघें सेलम बंदरांतून कॅरव्हॅन नांवाच्या जहाजानें हिंदुस्थानाकडे निघालीं. बरोबर सॅम्युएल न्यूएल व त्यांची पत्नी हॅरिएट हीं होतीं. हॅरिएटबाईंचें वय तेव्हां अठरा. त्या काळीं अमेरिकेंतून स्त्रिया अशा कामासाठीं समुद्रापार गेल्या नव्हत्या. ह्या दोघी पहिल्याच. वर्ष संपण्यापूर्वींच हॅरिएटबाईंचें मूल समुद्रावर जन्मून अवघ्या पांच दिवसांनीं वारलें, व नोव्हेंबर महिन्यांत मॉरिशस बेटावर ती मातादेखील त्याच्या मागून गेली. तिचे पति पुढें मुंबईस येऊन हॉलसाहेबांचे सोबती झाले, व १८२१ सालीं तेथेंच वारले.

कलकत्त्यास कंपनी सरकारनें ह्या मंडळींस राहूं दिलें नाहीं. शिवाय प्रवासांत बाप्तिस्म्याविषयींचें मत बदलल्यामुळें जडसन दंपत्यानें श्रीरामपूरच्या बाप्तिस्त बंधूंची वाट धरिली, आणि हॉल व नॉट ह्यांच्यापासून त्यांचा मार्ग निराळा झाला. मॉरिशस, तेथून मद्रास, आणि मद्रासेहून जें एकच जहाज लवकर मिळण्याजोगें होतें त्यानें रंगून, अशीं तीं दोघें ता. १३ जुलै १८१३ रोजीं ब्रह्मदेशास पोहोंचलीं. ह्या शेवटच्या सफरींत बाई प्रसूत झाल्या, पण मूल मृत जन्मलें. त्या इतक्या अशक्त झाल्या होत्या कीं, त्यांस खुर्चींत बसवून किनाऱ्यावर न्यावें लागलें.

परक्या देशांत संसार मांडणें म्हणजे काय हें आमच्या खेड्यांतील भगिनींस सांगणें कठीण आहे. ज्या घरांत आजी नाहीं, मावशी नाहीं, सुईण नाहीं, शेजारणीची भाषा कळत नाहीं, आणि आईला लिहिलेल्या पत्राचें उत्तर येण्यास कित्येक महिने लागतात, अशा घरांत ता. ११ सप्टेंबर १८१५ रोजीं रॉजरचा जन्म झाला. रंगुनांत वैद्य नव्हता. प्रसूतीच्या वेळीं नवऱ्यावांचून जवळ दुसरें कोणी नव्हतें. तोंपर्यंत बाई बाजारहाट करून व नोकरांशीं बोलून ब्रह्मी भाषा चांगली बोलूं लागल्या होत्या. नवरा दिवसभर पंतोजीपाशीं ताडपत्रावरील अक्षरें लावीत बसे, आणि बोलण्यांत बायको त्याच्या पुढें जाई! बाळ त्याच खोलींत असे. त्याच्या येण्यानें त्या एकाकी घरांत बोलणें-हंसणें आलें. पण सात-आठ महिन्यांचा असतांना त्याला ताप व खोकला लागला, आणि १८१६ च्या मे महिन्यांत तो वारला. त्याला आमराईंत पुरलें.

त्यानंतरची एक गोष्ट आम्हांस मुद्दाम सांगावीशी वाटते. रंगूनच्या सुभेदाराची पत्नी हिला हें वर्तमान कळतांच ती आपल्या मोठ्या लवाजम्यासह समाचारास आली. आपणांस आधीं कां कळविलें नाहीं, आपण मातीस आलों असतों, असें तिनें विचारिलें. मग मन रमावें म्हणून तिनें हत्ती पाठवून उभयतांस आपल्या बागेंत नेलें, व स्वतः फळें तोडून त्यांस दिलीं. ती ख्रिस्ती नव्हती, आणि पुढेंहि झाल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. मूल गेलेल्या बाईच्या घरीं जावें, एवढें मात्र तिला कोणी शिकवावें लागलें नाहीं.

पुढील सात वर्षांचें थोडक्यांत सांगतों. १८१९ च्या जून महिन्यांत पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा बाप्तिस्मा झाला. बाई सयामी भाषाहि शिकल्या, व मत्तयाचें शुभवर्तमान त्यांनीं त्या भाषेंत उतरविलें. यकृताच्या विकारानें प्रकृति ढासळल्यामुळें १८२१ सालीं त्या एकट्याच इंग्लंडमार्गें अमेरिकेस गेल्या, आणि १८२३ च्या डिसेंबरांत परत आल्या. येतांच पतीबरोबर ऐरावती नदीनें वर, राजधानी आवा येथें, राहावयास गेल्या.

इतक्यांत, १८२४ च्या मार्च महिन्यांत, इंग्रज व ब्रह्मी राजा ह्यांच्यामध्यें लढाई जुंपली. जडसन अमेरिकन होते. परंतु त्यांचे पैसे एका इंग्रज व्यापाऱ्यामार्फत येत, म्हणून ते इंग्रजांचे हेर असावेत असा संशय आला. ता. ८ जून रोजीं त्यांस घरांतून धरून नेलें, व मोठ्या तुरुंगांत तीन जोड बेड्या घालून ठेविलें. रात्रीं कैद्यांचे पाय एका बांबूला अडकवून वर उचलीत. सरकार कैद्यांस अन्न देत नसे. घरचें माणूस आणील तेंच खावयाचें. बाईंस त्या वेळीं दिवस गेले होते. त्या दररोज दोन मैल चालून तुरुंगाच्या दाराशीं जात, परत येऊन अधिकाऱ्यांच्या घरोघर विनवण्या करीत, आणि पुनः अंधारांत घरीं येत. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे कागद त्यांनीं उशींत शिवून तुरुंगांत पोहोंचविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचा विस्तार येथें करीत नाहीं.

ता. २६ जानेवारी १८२५ रोजीं मरायाचा जन्म झाला. वीस दिवसांची झाली तेव्हां आईनें तिला तुरुंगाच्या दाराशीं नेलें, आणि बापानें आपली मुलगी प्रथम तेथें पाहिली. घरीं आईच्या हाताखालीं होत्या त्या केवळ दोन लहान ब्रह्मी मुली. त्यांच्या बापानें त्या बाईंच्या स्वाधीन केल्या होत्या, आणि बाईंनीं आपल्या बहिणींच्या नांवांवरून त्यांस मेरी व अ‍ॅबी अशीं नांवें ठेविलीं होतीं. शिवाय मौंग इंग नांवाचा एक ब्रह्मी ख्रिस्ती भाऊ, आणि एक बंगाली स्वयंपाकी.

मे महिन्याच्या आरंभीं एके दिवशीं बाईंस कांहीं न कळवितां कैद्यांस तुरुंगांतून काढून भर उन्हांत अनवाणी चालवीत औंग-पेन-ला ह्या खेड्याकडे नेलें. एक ग्रीक कैदी ह्या चालीनें मेला. नवरा कोठें नेला हें कळतांच बाई तीन महिन्यांची मराया, त्या दोन मुली व स्वयंपाकी ह्यांस घेऊन निघाल्या; आधीं होडीनें, मग खडखडणाऱ्या गाडींतून, धुळींत व उन्हांत. पोहोंचून पाहतात तों तुरुंगाला छप्परहि धड नव्हतें. एका शिपायानें आपल्या घरांतील धान्यानें निम्मी भरलेली खोली त्यांस दिली. त्या खोलींत हें घर सहा महिने राहिलें.

दुसऱ्याच दिवशीं मेरीला देवी आल्या. बाळाला सांभाळणारी तीच एक, आणि तीच अंथरुणाला खिळली. बाईंनीं अ‍ॅबीला, मरायाला व शिपायाच्या मुलांना देवी टोचल्या. आज जी लस वापरीत होते असें आपण समजतों ती ही नव्हे; आजाऱ्याच्या फोडांतील पू घेऊन टोचण्याची जुनी रीत होती ती. टोचलेल्या मुलांस इतक्या सौम्य देवी निघाल्या कीं त्यांचा खेळसुद्धां थांबला नाहीं. हें पाहून गांवांतील आया आपापलीं मुलें घेऊन दाराशीं आल्या, आणि बाईंनीं त्यांसहि टोचिलें. एकट्या मरायाला मात्र टोचणी लागली नाहीं. तिला मेरीपासून खऱ्या देवी आल्या, आणि त्यांतून पुरतें बरें होण्यास तिला तीन महिन्यांहून अधिक लागले. परक्यांचीं मुलें जिनें वांचविलीं तिच्या स्वतःच्या मुलीवर तो उपाय चालूं नये, ह्याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

त्यानंतर बाई स्वतः पडल्या. आवा शहरीं ठेविलेली औषधांची पेटी आणावयास त्या गेल्या, आणि परत आल्या त्या मरणोन्मुख होऊन. मग सुमारें दोन महिने चटईवरून उठल्या नाहींत. त्या दिवसांत बंगाली स्वयंपाक्यानें जातीचा विचार बाजूस ठेविला आणि पगाराचें नांव काढिलें नाहीं. लांकूड-पाणी आणावें, आजारी बाईस व तुरुंगांतील साहेबास अन्न पोहोंचवावें, हें सर्व त्यानें केलें. बाईंनीं त्याचे उपकार लिहून ठेविले आहेत, पण त्याचें नांव आम्हांपर्यंत आलेलें नाहीं.

आईचें दूध आटलें. गांवांत दाई मिळेना. रात्रीं बाळ भुकेनें रडे, आणि देण्यास कांहीं नसे. तेव्हां बाईंनीं पहारेकऱ्यांस भेटी देऊन एवढी सवड मिळविली कीं, जडसनांनीं तुरुंगाबाहेर यावें, व त्या वाळलेल्या पोरीला उचलून गांवांत ज्यांच्या अंगावर पिणारीं मुलें आहेत अशा आयांच्या दारोदार दूध मागत फिरावें. विद्यापीठांत पहिला आलेला, ग्रीक व इब्री जाणणारा हा मनुष्य हातांत मूल घेऊन शेतकऱ्यांच्या झोंपड्यांपुढें उभा राही. त्या बायांचा राजा गोऱ्या लोकांशीं लढत होता. त्यांच्यापैकीं कित्येकींचे भाऊ अथवा नवरे लढाईवर गेले असतील. तरी त्यांनीं त्या गोऱ्या कैद्याच्या मुलीला पाजिलें. मराया जगली ती त्यांच्यामुळें. जडसनबाईंचें नांव शेंकडों पुस्तकांत छापलें आहे. औंग-पेन-लाच्या ह्या आयांपैकीं एकीचेंहि नांव कोणीं लिहून ठेविलें असतें, तर आम्ही तें ह्या हकीकतीच्या शिरोभागीं घातलें असतें.

कोणी म्हणतात, असल्या देशांत लेंकरूं नेऊंच नये. आईबापांनीं आपल्या व्रतासाठीं मुलाला कां कष्टवावें? हा प्रश्न सोपा नाहीं, व तो हंसण्यावारी नेणें आम्हांस आवडत नाहीं. पण मूल जन्मलें तेव्हां बाईंस जाण्याला वाट नव्हती, आणि नवऱ्याला टाकून वाट शोधावी अशी त्यांची इच्छाहि नव्हती. त्यांनीं जें केलें तें आमच्या मतें आईपणाच्या आड आलें नाहीं.

नोव्हेंबरांत तहाच्या बोलण्यासाठीं दुभाषी हवा म्हणून जडसनांस मालून येथील ब्रह्मी छावणींत नेलें. ते सहा आठवड्यांनीं आवा शहरीं आले व एकदां घरांत शिरले, तों चुलीच्या राखेपाशीं एक ब्रह्मी बाई मांडीवर एक मळकट, निस्तेज मूल घेऊन बसली होती. हें मूल आपलें असेल असें त्यांच्या मनांतहि आलें नाहीं. आंत बायको तापानें इतकी खंगली होती कीं तीहि ओळखूं येईना. तिचे केस काढून टाकिले होते. बाई त्या दुखण्यांतून उठल्या. ता. २४ फेब्रुवारी १८२६ रोजीं यांडाबोचा तह झाला, आणि मार्च महिन्यांत तीं तिघें ऐरावतीवरून खालीं आलीं. थंड चांदणी रात्र, शेजारीं पत्नी, हातांत मूल, आणि आपण मोकळे: ह्याहून मोठें सुख आपण जाणलें नाहीं असें जडसन उतारवयांत सांगत.

इंग्रजांच्या ताब्यांत आलेल्या किनाऱ्यावर अ‍ॅम्हर्स्ट नांवाचें नवें गांव वसत होतें. जुलैच्या आरंभीं बाईंस व मुलीला तेथें ठेवून जडसन इंग्रज वकिलाबरोबर पुनः आवा शहरीं गेले. बाईंनीं बांबूचें घर उभारिलें व शाळा सुरू केली. मरायाची प्रकृति मात्र नाजुकच राहिली. ऑक्टोबरांत बाईंस ताप आला. मुलीचा बाप येईपर्यंत तिला प्रेमानें वागवा, ती मागेल तें द्या, असें त्यांनीं दाईस बजाविलें. ता. २४ ऑक्टोबर १८२६ रोजीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्या वारल्या. शेवटीं वेदनेचा जो उद्गार निघाला तो ब्रह्मी भाषेंत होता.

काळ्या लाखेची मोहोर असलेलें पत्र आवा शहरीं जडसनांच्या हातीं पडलें तेव्हां तें मरायाच्या मृत्यूचें असावें असेंच त्यांनीं धरिलें, व तशा तयारीनें तें फोडिलें. ता. २४ जानेवारी १८२७ रोजीं ते अ‍ॅम्हर्स्टला पोहोंचले. नुकत्याच तेथें आलेल्या वेडबाईंच्या हातीं मराया होती. बाप रडत पुढें झाला. दोन वर्षांची मुलगी त्याला ओळखीना, आणि भिऊन तिनें तोंड फिरविलें.

ती पुढें तीनच महिने जगली. ता. २४ एप्रिल १८२७ रोजीं, दोन वर्षें तीन महिन्यांची होऊन, ती वारली, आणि होपिआच्या झाडाखालीं आईच्या शेजारीं तिला पुरलें.