श्रीगाडगेबाबा : निरक्षरांचे आरोग्यगुरू



आम्ही राहतो त्या राजापेठेतून अमरावती शहर ओलांडून उत्तरेकडे निघाले म्हणजे वाटेत जिल्हा रुग्णालय लागते. लोक अजून त्यास इर्विन ह्या जुन्या नावानेच ओळखतात. तेथून आणखी पुढे गेल्यावर गाडगेनगरात श्रीगाडगेबाबांची समाधी आहे. खेड्यांतील आमच्या मंडळ्यांतून आजारी माणसास घेऊन येणारे पुष्कळ लोक पहिल्या ठिकाणावरूनच माघारी जातात. दुसऱ्या ठिकाणापर्यंत फार थोडे पोहोचतात. पहिल्या ठिकाणी झालेला रोग बरा करण्याचा यत्न चालतो. दुसऱ्या ठिकाणी ज्यांचा देह विसावला आहे, त्यांनी रोगाचे घरच मोडावे म्हणून सुमारे पन्नास वर्षे गावोगाव खराटा चालविला. त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्यास एक कारण घडले. गेल्या पावसाळ्यात एका खेड्यात आम्ही घरभेटीस गेलो असता, जुलाबांनी गळून गेलेले वर्षभराचे एक लेकरू आम्हास आढळले. पाण्याने जुलाब वाढतात अशा समजुतीने घरच्यांनी त्याचे पाणी तोडले होते. जुलाब होत असता लेकरास वारंवार पाणी पाजीत राहावे, असे सांगणारे छापील पत्रक त्याच घराच्या भिंतीवर चिकटविलेले होते. आणि ते पत्रक दोन महिन्यांपूर्वी उपासनेनंतर आम्हीच वाटले होते! लेकरास तातडीने दवाखान्यात नेले व ते वाचले. परंतु परत येताना आमचे मन आम्हास खात होते. घरातील आजीला वाचता येत नव्हते. आईला येत होते. पण घरात चालत आलेली रीत एका कागदाच्या आधारावर मोडण्याचे बळ त्या कोवळ्या सुनेस कोठून यावे? कागद पोहोचला होता, ज्ञान पोहोचले नव्हते. ह्यात दोष त्या आजीचा नव्हता, आमचा होता. ज्यांस अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंत आरोग्याचे ज्ञान न्यावे कसे, ह्या विचारात असता आम्हास बाबांचे स्मरण झाले.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेणगाव येथे, परीट कुळात झाला. पाळण्यातले नाव डेबूजी, आडनाव जानोरकर. पिता झिंगराजी व माता सखूबाई. झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. डेबूजी त्या वेळी अवघ्या आठ वर्षांचा होता. माता मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाची गुरे राखावी, नांगर धरावा, पिकाची राखण करावी, ह्यातच मुलाचे बाळपण गेले. शाळेचे तोंड त्यास पाहावयास मिळाले नाही. पुढे हेच कुटुंब सावकाराच्या कागदांत अडकून मोठ्या संकटात पडले. दारूने बाप गेला, कर्जाने घर हादरले, आणि अक्षर येत नसल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे तेही कळेना. आयुष्यभर बाबांनी दारू, कर्ज व अज्ञान ह्या तिघांस माणसाचे वैरी मानले, त्याचे मूळ येथे आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. अपत्याच्या बारशास जातभाईंना मद्यमांसाचे जेवण घालण्याची त्या काळी रीत होती. तरुण डेबूजींनी ती मोडली व पंगतीस गोडधोड वाढले. लोक रुसले, नाके मुरडली. पण डेबूजी ढळले नाहीत. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की, जगास शिकविण्यापूर्वी ह्या पुरुषाने पहिली रीत आपल्याच घरात मोडली.

तो काळ वऱ्हाडास फार कठीण गेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. १८९९-१९०० च्या दुष्काळात अन्नपाण्याविना माणसे खंगली, आणि दुष्काळाच्या पाठोपाठ पटकी आली. पटकीचे जंतू रोग्याच्या मळातून पाण्यात जातात व त्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात शिरतात, हे डॉक्टर कॉख ह्यांच्या १८८४ मधील कलकत्त्याच्या शोधानंतर विद्वानांस कळू लागले होते. पण ते ज्ञान इंग्रजी व जर्मन ग्रंथांत होते. आमच्या खेड्यांत नव्हते. खेड्यास इतकेच ठाऊक होते की मरीआई कोपली आहे. मग तिच्यापुढे कोंबडे व बकरे कापावे, गाडा गावाच्या शिवेबाहेर न्यावा, आणि नदीचे तेच पाणी पुन्हा प्यावे!

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. पत्नी व मुलेबाळे मागे राहिली. त्या माउलीने पुढे जे सोसले तेही ह्या चरित्राचा भाग आहे, हे आम्ही विसरू इच्छीत नाही. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा, आणि अन्नपाण्यासाठी एक फुटके मडके, असा त्यांचा वेष होता. त्या मडक्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते काही बोलत नसत. गटारे, चावडीपुढील जागा, पाणवठ्याची वाट ते झाडू लागत. लोक प्रथम वेडा समजून हसत, मग लाजत, मग एकेक जण हातात झाडू घेऊन मागे येई. संध्याकाळपर्यंत गाव झाडून होई, आणि रात्री कीर्तन होई. पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्यांस ते जवळ येऊ देत नसत, व पुष्कळदा गाव जागे होण्यापूर्वीच पुढची वाट धरीत.

ह्या कीर्तनाची पद्धत आम्हा पाळकांनी अभ्यास करावा अशी आहे. बाबा निरूपण थोडे करीत व प्रश्न फार विचारीत. भाषा शुद्ध वऱ्हाडी, श्रोत्यांच्या ओसरीवरची. नवसाचे बकरे कापल्याने लेकरू जगते काय, दारू पिऊन कोणाचे घर वर आले, कर्ज काढून लग्न केल्यावर मुलीचा बाप सुखी झाला काय, असे ते विचारीत, आणि हजारो श्रोते एका आवाजात उत्तर देत. ज्याने स्वतःच्या तोंडाने उत्तर दिले तो ते दुसऱ्या दिवशी सहसा नाकारीत नाही. आज परदेशांतील व आपल्याही देशातील वैद्यकशिक्षक असे शिकवितात की, रोग्यास औषधाची रीत सांगून थांबू नये. ती त्याच्याच शब्दांत त्याजकडून परत वदवून घ्यावी, म्हणजे कळले की नाही ते समजते. आमच्या निरक्षर बाबांनी हे कोणत्याही ग्रंथावाचून जाणले होते.

शिवाय, कीर्तनास सारे घर येई. आजी येई, सून येई, नातू येई. एकाच वेळी सर्वांनी एकच गोष्ट ऐकली म्हणजे घरी सुनेस एकटीने भांडावे लागत नाही. आमच्या भिंतीवरच्या पत्रकास जे साधले नाही ते ह्यामुळे साधत असे.

खराटा हे पटकीचे औषध नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पाणी शुद्ध नसेल व हात धुतलेले नसतील, तर झाडलेल्या अंगणातही रोग येतो. परंतु रोगाचे कारण आपल्याच गावात आहे व ते दूर करणे आपल्याच हाती आहे, हा पहिला धडा खराट्याने दिला. त्यावाचून पुढचा कोणताही धडा मनात शिरत नाही. नारूचे उदाहरण घ्यावे. पायविहिरींच्या पाण्यातून होणारा हा रोग एके काळी महाराष्ट्रातही पुष्कळ ठिकाणी होता. त्यावर लस नाही व बरा करणारे औषधही नाही. पाणी गाळून प्यावे, नारूचा पाय विहिरीत बुडवू नये, एवढे घरोघर शिकविले गेले व विहिरींची सुधारणा झाली. आणि १९९६ नंतर भारतात नारूचा एकही रोगी आढळला नाही. २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. शिकविण्याने रोग जातो, ह्याचा ह्याहून मोठा दाखला कोणता?

कीर्तनातून जो पैसा जमे त्यातला बाबांनी स्वतःसाठी ठेविला नाही. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूर येथे गोरक्षण व विद्यार्थ्यांची सोय झाली. यात्रेत उघड्यावर निजून नदीचेच गढूळ पाणी पिणाऱ्या गरिबास धर्मशाळा म्हणजे आरोग्याचीच सोय होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांनी रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधविली. खेड्यातला रोगी एकटा येत नाही, त्याच्या उशाशी बसणाऱ्यासही छप्पर लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९२३ साली कोकणात कीर्तन चालू असता एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली; तरी त्यांनी कीर्तन अर्धवट सोडले नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी ह्या सर्व कार्यासाठी श्रीगाडगेबाबा मिशन स्थापन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे आणीत असता वलगावाजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेविला.

त्यांच्यामागे महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान चालविले, आणि अमरावती विद्यापीठास २००५ साली त्यांचे नाव दिले. ज्यास शाळा मिळाली नाही त्याचे नाव विद्यापीठास मिळाले! पण नावाने गाव स्वच्छ राहत नाही. बाबा एक दिवस झाडून पुढे जात. दुसऱ्या दिवशी झाडणारा गावातलाच असावा लागतो.

तो कोण असावा? वाचकहो, ज्यांच्या घरी हे पत्र येते व ज्यांस ते वाचता येते, ते आम्हीच. प्रत्येक गावास आज आशाताई आहे, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, जवळपास उपकेंद्र आहे. उपासनेनंतर अर्धा तास आशाताईस बोलवावे, व तिचे सांगणे झाल्यावर घरातल्या आजीबाईंकडून ते परत वदवून घ्यावे. आरंभ जुलाबापासूनच करावा. क्षारसंजीवनीची पुडी उपकेंद्रात मिळते. ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते लेकरास थोडेथोडे पाजीत राहावे. अंगावरचे दूध तोडू नये. आणि डोळे खोल गेले, लेकरू मलूल झाले किंवा शौचातून रक्त पडले तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा.

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा पत्रक नेले नाही. आजीबाईंपाशी बसून त्यांजकडूनच पाणी करविले व चमचे मोजविले. निघताना शेजारची एक बाई दारात आली, तर आजीबाई आमच्या आधीच तिला किती चमचे ते सांगू लागल्या होत्या.